नोटीस लागली, पुढं काय?

शेजाऱ्याचं बांधकाम आणि ग्रामपंचायतीची नोटीस हा विषय निघाला की गावोगावची माणसं हसतात. हसण्यासारखंच आहे ते. नोटीस निघते, शिपाई घेऊन जातो, घेणारा सही करत नाही. मग दोन पंचांसमक्ष ती भिंतीला चिकटवतात आणि आठ दिवसांत त्याच कागदावरून गिलाव्याचा हात फिरतो. ज्यानं तक्रार केली तो ग्रामपंचायतीत हेलपाटे घालत राहतो. ज्यानं बांधलं तो नव्या ओट्यावर बसून त्याला जाता-येता रामराम घालतो.

शेतकरी बंधूंनो, हसून सोडून देण्याची ही गोष्ट नाही. आठ फुटांचा बोळ पाच फुटांवर आला की बैलगाडी अडते. बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला बाजेवर घालून चावडीपर्यंत आणावं लागतं, कारण गाडी आत येत नाही. गटाराचं तोंड बुजलं की पाणी मागच्या घराच्या जोत्यात मुरतं आणि मातीची भिंत फुगते. पहिली दोन वर्षं तोंडातोंडी चालते, तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात कोणाच्या तरी हातात काठी येते. मग दोन्ही घरांची पोरं पोलीस ठाण्यात. भावकीतली लग्नकार्यं तुटतात ती वेगळीच. एवढं सगळं तीन फूट जागेपायी.

बांधकामाची सुरुवात बहुधा शनिवारी का होते, याचा कधी विचार केलात? शनिवार-रविवार कचेऱ्या बंद. सोमवारी तुम्ही अर्ज घेऊन जाईपर्यंत जोतं भरलेलं असतं. पुढच्या मासिक सभेत विषय येईपर्यंत भिंत खांद्याएवढी झालेली असते. नोटीस निघेस्तोवर स्लॅब पडतो. आणि एकदा स्लॅब पडला की सरपंचापासून पोलीसपाटलापर्यंत सगळे एकच वाक्य बोलतात, "आता झालं ते झालं, बिचाऱ्याचे पैसे गेलेत." बांधणाऱ्यालाही हे वाक्य आधीपासून ठाऊक असतं. त्याच्या साऱ्या घाईचा हिशोब या वाक्यावर बसलेला असतो.

म्हणून तक्रार करायची तर पहिल्या दिवशी करायची, आणि लेखी. तोंडी सांगितलेलं कचेरीत राहत नाही. अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन घरी ठेवा. पोहोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. बांधकामाचे फोटो काढा, जोत्याच्या वेळचे, भिंतीच्या वेळचे. बोळाची पूर्वीची रुंदी किती, आता किती, हे फूट-इंचात लिहा. "शेजारी त्रास देतो" एवढंच लिहिलेल्या अर्जावर काही होत नाही.

पण अर्ज कोणाकडं? इथंच बहुतेकांची वाट चुकते. शेजाऱ्यानं बांधलं ती जागा नेमकी कोणाची, हे आधी ठरवलं पाहिजे. त्यावर पुढचा सगळा रस्ता अवलंबून आहे. ते न ठरवता माणूस एकदम पोलीस ठाण्यात जातो, तिथं अदखलपात्र नोंद होते, तिची प्रत घेऊन तो घरी येतो आणि न्याय मिळाला नाही म्हणतो. जागेचा वाद पोलीस मिटवू शकत नाहीत, त्यांचं ते काम नाही.

जागा गावठाणातल्या सार्वजनिक रस्त्याची, बोळाची असेल तर गोष्ट सगळ्यात सोपी, निदान कायद्यात. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ त्यासाठीच आहे. रस्त्यावर भिंत, कुंपण, ओटा, पायरी, जोतं काहीही घालून अडथळा केला तर ग्रामपंचायत तो स्वतः काढून टाकू शकते आणि काढण्याचा खर्च ज्यानं अडथळा केला त्याच्याकडून वसूल करू शकते. कोर्टात जाऊन परवानगी आणायची गरज नाही. मोकळी जागा सरकारी मालकीची असेल तर मात्र काढण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. ज्याचं काढलं त्याला ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडं अपील करता येतं. आणि ग्रामपंचायतीनं काहीच केलं नाही तर? त्याच कलमात पोटकलम २-अ आहे. ग्रामपंचायत कसूर करत असेल तर जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा कोणाच्या अर्जावरून ती कारवाई करू शकतात. पुष्कळ सरपंचांना आणि त्याहून अधिक तक्रारदारांना हे पोटकलम माहीतच नसतं. अर्जात ते नाव घेऊन लिहा.

बांधलेली जागा शेजाऱ्याच्याच मालकीची आहे पण परवानगी घेतलेली नाही, असं असेल तर तो विषय कलम ५२ चा. गावठाणाबाहेर असेल तर महसूल खात्याचा आणि १९६६ च्या नगररचना कायद्याचा. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि गावाकडच्या लहान घरांची परवानगी पुढं सोपीही केली. पण परवानगी सोपी झाली म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीला भिंत टेकवायची किंवा रस्त्यात पायरी सोडायची मोकळीक मिळाली, असा अर्थ काहींनी काढला आहे. तो चूक आहे.

जागा तुमचीच असेल, म्हणजे शेजारी तुमच्या हद्दीत दोन फूट घुसला असेल, तर ग्रामपंचायत काही करू शकत नाही. तिच्याकडं चकरा मारू नका. तिथं आधी मोजणी आणि मग दिवाणी कोर्ट. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या. लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, सगळ्यांसमक्ष खुणा पडतात, नकाशाची 'क' प्रत मिळते. ती हातात नसताना केलेला दावा म्हणजे बियाण्याशिवाय पेरणी. मोजणीच्या दिवशी शेजारी गैरहजर राहील, वाद घालील, टेप ओढील. तुम्ही वाद घालू नका, त्याची हरकत पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा.

आणि शेताची वाट अडवली असेल तर तहसीलदार. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा अजून चालू आहे. वहिवाटीचा रस्ता किंवा नैसर्गिक पाण्याचा प्रवाह अडवला तर त्याच्या कलम ५ खाली तहसीलदार तो मोकळा करून देतात. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा केला पाहिजे. हे सहा महिने फार शेतकऱ्यांचे गेले आहेत. पंच मंडळी म्हणतात सुगी होऊ द्या, मग म्हणतात यात्रा होऊ द्या, मग शेजारी म्हणतो थोरला मुलगा पुण्याहून आला की बोलू, आणि सहा महिने उलटतात. समजूत चालू ठेवायला हरकत नाही, पण दावा मुदतीत दाखल करून समजूत करा. पूर्वी रस्ताच नव्हता आणि आता बांधावरून पाहिजे, असं असेल तर महसूल संहितेचं कलम १४३ वेगळं आहे. दोन्ही कलमं एकाच अर्जात घालून घोटाळा करू नये. रस्त्याचे निम्मे अर्ज याच घोटाळ्यात अडकून पडलेले असतात, असं माझं तरी मत आहे.

आता थोडं सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक मंडळींशी. (२०२४ पासून ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरलं. नाव मोठं झालं, सजा आणि काम तेवढंच आहे.) तुमच्या नोटिशीला कोणी भीत नाही याचं कारण ती नोटीसच पोकळ असते. "आपण अनधिकृत बांधकाम केल्याचे निदर्शनास आले आहे, तरी ते त्वरित काढून घ्यावे, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल." योग्य ती म्हणजे कोणती? त्वरित म्हणजे किती दिवसांत? कोणतं बांधकाम, किती लांब, किती रुंद, कोणत्या मिळकत नंबरापुढं? कोणत्या कलमाखाली? यातलं काही नसलेली नोटीस कोर्टात पहिल्या तारखेलाच आडवी होते. जागेवर जाऊन टेप लावा, पंचनामा करा, फोटो जोडा, कलम लिहा, दिवस लिहा आणि त्या दिवसानंतर काय करणार तेही लिहा. मासिक सभेत ठराव घ्या आणि इतिवृत्तात विरोध करणाऱ्या सदस्याचं नावही येऊ द्या.

तोडण्याची घाई करून अंगाशी येऊ नये म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बांधकाम पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस पाहिजे, म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. त्याच निकालात रस्ता, पदपथ, नदी किंवा पाणवठा यांवरच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही असंही म्हटलं आहे. तरी माझं म्हणणं, बोळातल्या ओट्यालाही पंधरा दिवस द्या. शेजाऱ्यालाही तोंड दाखवायचं असतं, आणि पंधरा दिवसांत तो स्वतः काढील अशी निम्मी शक्यता असते. त्यानंतर त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक निकाल दिला. बांधकामाला बरीच वर्षं झाली किंवा त्यात पैसा गेला, एवढ्यावर बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असं त्यात म्हटलं. "आता झालं ते झालं" म्हणणाऱ्यांना हा निकाल वाचून दाखवावा. आणि घरपट्टी आकारली, नमुना ८ ला नोंद झाली म्हणजे बांधकाम रीतसर झालं, हा समजही डोक्यातून काढा. घरपट्टी हा कर आहे, परवानगी नव्हे.

मुळात सरपंच हात का आखडतो, हे उघड आहे. त्या घरात सात मतं असतात. तक्रारदाराच्या घरात चार. हिशोब सोपा आहे. पण दुसरा हिशोबही मांडून बघा. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो, हे कलम १४ मध्ये २००६ पासून आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ आणखी आवळला. अतिक्रमण मूळ सासऱ्यानं किंवा नवऱ्यानं केलेलं असलं तरी त्याच जागेत राहणाऱ्या आणि तिचा वापर करणाऱ्या सदस्याला सुटका नाही. शेजाऱ्याच्या ओट्यावर नोटीस बजावायची असेल तर आधी स्वतःच्या दारातली पायरी मोजा. गाव ती मोजतच असतं. ज्याच्या पडवीचा खांब रस्त्यात आहे त्या सरपंचाला कोणी भीत नाही, आणि भिऊही नये.

तक्रारदारालाही हेच लागू. तुमच्या दारातला नळाचा कट्टा, न्हाणीचं पाणी, पन्हाळीची धार कुठं पडते? गेल्या निवडणुकीत तो विरुद्ध पॅनेलला होता म्हणून आज त्याचा ओटा डोळ्यांत खुपतोय, असं तर नाही? माझ्या पाहण्यात अशा तक्रारी पुष्कळ आहेत. अधिकारी लोक त्या वासावरून ओळखतात आणि मग खऱ्या तक्रारीचा अर्जही त्याच गठ्ठ्यात जातो.

शेजाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. तीन भाऊ विभक्त झाले, बापाचं एकच घर, गावठाण कधीचं आखलेलं तेवढंच. माणसं वाढली, जागा नाही. बाहेर गुंठा घ्यायचा तर दर ऐकून घाम फुटतो. मग तो दोन फूट इकडं, तीन फूट तिकडं सरकतो. तो दुष्ट असतोच असं नाही, बहुतेक वेळा तो अडचणीत असतो आणि वर हेकट असतो. गावठाण विस्ताराचे प्रस्ताव धूळ खात ठेवणाऱ्या यंत्रणेनं त्याला अनधिकृत म्हणावं, यात थोडी लबाडी आहेच. पण म्हणून त्याची अडचण शेजाऱ्याच्या दारात किंवा गावाच्या रस्त्यात काढून द्यायची, हेही मान्य करता येणार नाही.

समजूत करावीच. पण कशाची करता येते आणि कशाची नाही, हे पंचांनी ध्यानात घेतलं पाहिजे. बोळ तुमचाही नाही आणि शेजाऱ्याचाही नाही, तो गावाचा आहे. दोघांनी मिळून "दोन फूट राहू दे" असं स्टॅम्पवर लिहिलं तरी त्याला किंमत नाही. त्याबाबत समजूत एवढीच होऊ शकते की पावसाळा झाल्यावर काढील, मजुरी कोण देईल, दगड-विटा कोण नेईल, पायरी आतल्या अंगाला कशी वळवायची. खासगी हद्दीच्या वादात मात्र मोकळीक आहे. भिंत राहू द्यायची आणि तेवढ्या जागेचा मोबदला घ्यायचा, किंवा दुसऱ्या बाजूला तेवढीच जागा घ्यायची, हे करता येतं. पण जागेचा हक्क जाणार असेल तर दस्त नोंदवलाच पाहिजे. नुसत्या स्टॅम्पवर नोटरीसमोर केलेला कागद पुढच्या पिढीत नवं भांडण घेऊन येतो.

१५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत पुष्कळ गावांनी बक्षिसाचा फलक लावला. काही समित्यांनी खरंच काम केलं, काहींनी आकडे जुळवले. समिती जिवंत असेल तिथं तिचा उपयोग करा. त्याहून पक्कं हवं असेल तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं जा. दावा दाखल होण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथं तडजोड झाली की निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच चालतो आणि त्यावर अपील नाही. शेजारी दोन वर्षांनी उलटला तर तोच कागद घेऊन अंमलबजावणीला जाता येतं. पंचांच्या तोंडी समजुतीत ही सोय नसते.

आणि शेजारी कशालाच जुमानत नसेल तर? ग्रामपंचायतीचा अर्ज, त्याची पोहोच, नोटिशीची प्रत हे घेऊन वर जायचं. कागद देत नसतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. काय मागायचं ते नेमकं मागा. बांधकामाची परवानगी, पंचनामा, नोटीस, सभेचं इतिवृत्त, बस. पन्नास प्रश्न विचारून ग्रामसेवकाला छळण्यात तुमचं काम पुढं सरकत नाही. मग कलम ५३ (२-अ) खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो, मात्र कोर्टात चालू असलेलं प्रकरण तिथं घेत नाहीत. रस्ता अगदीच बंद झाला असेल, लोकांच्या जिवाला धोका असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा अर्ज करता येतो. जुन्या फौजदारी संहितेत ते कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२ आहे.

दिवाणी कोर्टात जायचं ते भिंत उठत असताना, मनाईसाठी. उठलेली भिंत पाडून मागणं अवघड आणि लांबचं असतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण शेजारीच आधी चढला तर? ग्रामपंचायत कारवाईला निघाली की तो स्थगिती आणायला धावतो, आणि समोर कोणी नसलं तर ती मिळूनही जाते. म्हणून ग्रामपंचायतीनं आणि तक्रारदारानंही कोर्टात आधीच कॅव्हेट टाकून ठेवावं. त्याची मुदत ९० दिवस असते, संपली की पुन्हा टाकावं लागतं. खर्च फारसा नाही. हे न केल्यामुळं तोडायला आलेला जेसीबी वेशीवरून परत गेल्याचे प्रकार होतात, आणि त्या दिवशी शेजाऱ्याच्या ओट्यावर पेढे वाटले जातात.

एक काम मात्र कोणीही, कसल्याही रागात करू नये. शेजाऱ्याची भिंत रात्री स्वतः पाडणं. ती बेकायदा असली तरी पाडण्याचा अधिकार तुमचा नाही. दुसऱ्या दिवशी गुन्हा तुमच्यावर दाखल होतो, मूळ अतिक्रमण बाजूला पडतं आणि पाच वर्षं तुम्ही तारखांना जाता.

२४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना जाहीर झाली. ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देण्याचं काम त्यात आहे. गावठाणाच्या हद्दींना त्यामुळं पहिल्यांदाच नकाशा मिळतो, हे चांगलंच झालं. पण ड्रोनला वरून जे दिसतं तेच तो टिपतो. बोळात सरकलेली भिंत त्याला घराचाच भाग दिसते. तुमच्या गावात चौकशीचं काम चालू असेल तर त्या दिवशी शेतावर जाऊ नका. नकाशा बघा, बोळाची रुंदी बघा, चूक असेल तर तिथंच लेखी हरकत द्या. पत्रिका छापून आल्यावर तीच चूक दुरुस्त करायला वर्षं लागतील.

येत्या ग्रामसभेत एक साधी मागणी करून बघा. गेल्या तीन वर्षांत बांधकामाबाबत किती नोटिसा दिल्या, कोणाला दिल्या आणि प्रत्येकीचं पुढं काय झालं, ही यादी वाचून दाखवावी. जावक नोंदवहीत ती असतेच, नव्यानं काही करायचं नाही. यादी लांबलचक निघाली तर शाळेच्या, दवाखान्याच्या आणि स्मशानाच्या वाटेवरची प्रकरणं आधी घ्यावीत, आणि त्यातही जी आपल्याच सदस्यांची आहेत ती सगळ्यांच्या आधी.